वाळत घालायची जागा

मी पिरियड पँटी, म्हणजे पॅडऐवजी घालायची आणि पाळीचे रक्त स्वतःच शोषून घेणारी निकर, वापरायला लागल्याचे कळले की मैत्रिणी सर्वप्रथम गळतीबद्दल विचारतात. कपड्यांना डाग लागत नाही ना, ऑफिसात दिवसभर निभावते का, वास येतो का, असे ते प्रश्न असतात आणि ते रास्तही आहेत. कारण शाळेत असताना मागे डाग दिसेल या धास्तीने बाकावरून सर्वांत शेवटी उठणारी मुलगी मोठेपणीही ती धास्ती मनात बाळगून असते. माझ्या मनात मात्र या बदलाने सर्वांत अधिक जागा व्यापली ती वाळवण्याच्या प्रश्नाने. गोव्यात, आणि त्यातही डिचोली तालुक्यातल्या आमच्यासारख्या माडापोफळींच्या सावलीतल्या एकत्र कुटुंबात, धुतलेला कपडा कुठे, किती वेळात आणि कोणाकोणाच्या देखत वाळतो, यावरच पिरियड पँटी निभावणार की कपाटात पडून राहणार हे ठरते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

ज्यांनी ही वस्तू अद्याप हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाहेरून पाहता ही नेहमीचीच निकर असते. फक्त दोन पायांमधला भाग जाड असतो आणि तो पुढून मागे बराच वर शिवलेला असतो. त्या भागात एकावर एक थर असतात. अंगाला लागणारा थर सुती किंवा बांबूपासून केलेल्या धाग्याचा असतो आणि तो ओल खाली ओढून घेतो. त्याखाली ती धरून ठेवणारा टॉवेलसारखा थर असतो. त्याच्याखाली पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा चढवलेले, पाणी न झिरपू देणारे कापड असते आणि सर्वांत बाहेर साधे कापड. किती रक्त मावते हे शिवणीवर आणि थरांच्या जाडीवर अवलंबून असते. हलक्या प्रकारात एका पॅडइतके, जाड प्रकारात दोन-तीन पॅडइतके, असे ढोबळमानाने म्हणता येईल. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते आणि ८० मिलिलिटरच्या वर गेल्यास वैद्यकशास्त्र त्याला अतिस्राव म्हणते. इतकी वर्षे पॅडवरचा लाल पसारा पाहून मला ते प्रमाण याच्या कितीतरी पट वाटत होते. आपल्याच शरीरातून दर महिन्याला काय आणि किती बाहेर पडते, याचा अंदाज आपल्यापैकी बहुतेकींना नसतो, कारण पॅड गुंडाळून टाकण्यापलीकडे आपण त्याकडे पाहिलेलेच नसते.

सुरुवात करणारीने ती पाळीच्या शेवटच्या दिवसांत, घरी असताना आणि शक्यतो रात्री करावी. नवी पँटी एक-दोनदा धुऊन मगच वापरावी. पहिल्या धुण्यात कापडावरची खळ निघते आणि ते नीट शोषू लागते. माप घेताना कमरेइतकेच मांडीकडे लक्ष द्यावे, कारण गळती झालीच तर ती बहुधा मांडीच्या कडेने होते आणि तिथे कापड सैल असेल तर कितीही जाड थर असून उपयोग नसतो. पहिल्या रात्री मला पॅडमधला आणि हिच्यातला फरक जाणवला तो ओलसरपणाचा. पॅडमधले पॉलिमरचे दाणे रक्ताची लगेच जेलीसारखी लापशी करतात, त्यामुळे वरचा पृष्ठभाग कोरडा भासतो. पँटीत रक्त कापडात उतरेपर्यंत क्षणभर ओल जाणवते आणि मग ती विरते. तो क्षण सवयीचा होईपर्यंत दर वेळी उठून दिव्यापाशी जाऊन पाहावेसे वाटते. उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्याच्या दमट उकाड्यात, हे थर उबदार वाटतात आणि जांघेत घामही येतो; म्हणून वरचा थर सुती असलेली पँटी घ्यावी आणि बारा तासांपर्यंत चालते असे वेष्टणावर लिहिलेले असले, तरी आपल्या हवेत सात-आठ तासांनी बदलावी, असे मला वाटते.

बाहेर असताना बदलणे हा खरा अवघड भाग आहे, आणि जाहिरातींत तो कुठेच दिसत नाही. साडीत किंवा गाऊनमध्ये निकर बदलणे सोपे असते; जीन्स किंवा सलवार असेल तर ती पायांतून पूर्ण काढावी लागते आणि सरकारी कार्यालयाच्या किंवा बसस्थानकाच्या स्वच्छतागृहात ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून ते करणे कोणालाही रुचणारे नाही. दोन्ही बाजूंना हूक असलेली पँटी मिळते, तिची अशा वेळी मदत होते. मी स्वतः पणजीला कामावर जाताना स्रावाच्या पहिल्या दोन दिवसांत अजूनही पॅडच वापरते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. सगळे एकदम बदलले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी कदंबच्या खच्चून भरलेल्या बसमधून पाळीत प्रवास करून पाहावा.

घरी मात्र मी आता पँटीच वापरते, आणि धुण्याचा धडा मला सासूबाईंनी दिला. मी न्हाणीत बादली भरून चुलीवरच्या भाणातले कढत पाणी त्यात ओतणार, एवढ्यात त्या दारातून म्हणाल्या, “हून उदक घालूं नाका गो, खत वचचें ना.” गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठतात आणि धाग्याला घट्ट चिकटतात, म्हणून डाग जात नाही, हे शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नव्हते; आयुष्यभर फडकी धुतलेल्या हातांना ते ठाऊक होते. थंड पाण्यात पँटी बुडवून मधला भाग मुठीत धरून दाबला की पहिले पाणी गडद येते, दुसऱ्या-तिसऱ्यांदा ते आमसुलाच्या पाण्याइतके फिके होते आणि मग नितळ. पाणी नितळ आल्यावरच साबण लावायचा, तोही सौम्य. कपडे मऊ करणारे द्रावण अजिबात वापरायचे नाही, कारण त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि कापडाची शोषण्याची ताकद जाते. ब्लीच नको, इस्त्री नको आणि पिळे देऊन पिळणेही नको. तो पाणी अडवणारा पापुद्रा एकदा सुटला किंवा तडकला, की पँटीचा उपयोग संपला. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मधल्या थरावरून अंगठा फिरवला आणि शिवण चांगली आहे एवढेच म्हणाल्या. घरात या विषयावर आम्हा दोघींचे सरळ बोलणे त्या दिवशी प्रथमच झाले.

त्यांच्या तरुणपणी घरातल्या बायका जुन्या सुती साडीची किंवा पंचाची फडकी वापरत. ती चौघडी करून नाडीला अडकवत, रात्री न्हाणीत धूत आणि न्हाणीच्या चुलीमागच्या काळोख्या कोपऱ्यात, जिथे पुरुषांची नजर जाणार नाही, अशा ठिकाणी वाळत घालत. दोरीवर घालायची वेळ आलीच तर वरून परकर पसरायचा. पावसाळ्यात ती फडकी पुरती वाळत नसत. अर्धी ओली, धुराच्या वासाची फडकी पुन्हा नेसावी लागत, आणि मग कातडी सोलवटणे, खाज, पांढरे जाणे हे सारे बाईच्या जन्माबरोबर आलेले म्हणून सोसले जाई. सासूबाई हे सांगत असताना मला राहून राहून वाटत होते की त्या कापडाचा काही दोष नव्हता. धुवट सुती साडीइतके मऊ आणि शोषणारे कापड आजही सहज मिळत नाही. घडी उलगडली की ते एकेरी होई आणि उन्हात टाकले असते तर तासा-दोन तासांत कडकडीत वाळले असते. त्याला ऊन मिळू दिले गेले नाही.

हे केवळ माझे वाटणे नाही. ओडिशातल्या स्त्रियांचा अभ्यास करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पाळीचे कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि संडासाच्या खोलीत ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये कँडिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला होता. आणि कापड वापरणाऱ्या स्त्रिया काही थोड्याथोडक्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते २४ वयोगटातील सुमारे निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचे सांगितले होते. त्यांतल्या अनेक जणी पॅडही वापरतात, पण कापड सुटलेले नाही. या मुलींना पॅड द्या, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. त्यांच्या घराच्या दोरीवर ते कापड उघड्यावर, उन्हात वाळू द्या, असे म्हणणारे मला फारसे भेटलेले नाहीत.

पिरियड पँटीची गंमत अशी की जुन्या फडक्याला जे मिळाले नाही ते तिला सहज मिळते आणि फडक्याकडे जे होते ते तिच्याकडे नाही. ती निकरीसारखीच दिसते, बहुधा काळ्या रंगाची असते, त्यामुळे दोरीवर बाकीच्या कपड्यांत टांगली तर कोणी वळून पाहत नाही. परंतु तिचे थर एकमेकांना शिवलेले असल्यामुळे ते उलगडून वेगळे करता येत नाहीत, आणि पाणी अडवणारा थर वाऱ्यालाही बऱ्याच अंशी अडवतो, म्हणून ओल एकाच बाजूने बाहेर पडू शकते. साहजिकच ती वाळायला साध्या निकरीच्या कितीतरी पट वेळ घेते. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आमच्याकडे सकाळी डोंगराकडून कोरडा वारा येतो, तेव्हा सकाळी घातलेली पँटी दुपारच्या जेवणापर्यंत वाळलेली असते. जुलैत गोष्ट वेगळी असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवट बुरशी चढते, मीठ पाझरते, टॉवेलला आंबूस वास येतो, आणि अशा हवेत दोन दिवस टांगलेली पँटीही मधल्या शिवणीत ओली राहते.

म्हणून पावसाळ्यासाठी मी काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. धुतल्यावर पँटी कोरड्या पंचात गुंडाळून दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे पुष्कळसे पाणी पंचात उतरते. ती उलटी करून, आतला थर बाहेर आणून, कमरेच्या पट्टीला चिमटे लावून टांगायची. दोरीवर दुमडून घालायची नाही. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, वारा खेळतो तिथे दिवसभर आणि रात्री पंख्याखाली. चुलीच्या किंवा फ्रीजच्या मागच्या उष्णतेवर ठेवायची नाही, कारण त्या पापुद्र्याला उष्णता सोसत नाही. वाळली की नाही हे बोटांना नीट कळत नाही, कारण दमट हवेत बोटेही ओलसरच असतात. जाड भाग गालाला लावून पाहावा, ओल उरली असेल तर तो थंड लागतो. अशी थंड लागणारी पँटी मी कितीही निकड असली तरी घालत नाही, त्याऐवजी पॅड लावते. आणि किती पँट्या घ्याव्यात याचा हिशेबही इथल्या ऋतूंवरच करावा लागतो. पाच दिवसांची पाळी आणि दिवसाला दोन बदल धरले, तर उन्हाच्या महिन्यांत रोज धुऊन पाच-सहा पुरतात. पावसाळ्यात आठ असल्या तरी ओढाताण होते.

बाल्कांवात टांगायच्या म्हणजे घरातल्या सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टांगायच्या. पहिल्या पावसाळ्यात मला त्याचा संकोच होता आणि मी त्या आतल्या टोकाला, जावेच्या साड्यांच्या आड घालत असे. एका दुपारी अचानक सर आली. आमच्याकडे अशा वेळी जो कोणी दोरीजवळ असेल त्याने कपडे काढायचे असतात, त्यात बाई-पुरुष असा भेद कोणी करत नाही. त्या दिवशी माझे धाकटे दीर बाहेर होते. त्यांनी अंगणातल्या आणि बाल्कांवातल्या दोन्ही दोऱ्यांवरचे सगळे कपडे एका मिठीत गोळा केले आणि माजघरातल्या पलंगावर आणून टाकले. त्यात शर्ट होते, मुलांची दप्तरे पुसायची फडकी होती आणि माझ्या दोन पँट्याही होत्या. दीर पाय पुसून चहा प्यायला बसले. त्या काय आहेत हे त्यांना कळले असेल किंवा नसेलही. मुद्दा असा की पावसात भिजू नयेत म्हणून त्या उचलल्या गेल्या, इतर कपड्यांच्या बरोबरीने. त्यानंतर मी त्या पुढच्या, वाऱ्याच्या टोकाला घालू लागले.

चवथीच्या दिवसांत मात्र सगळे इतके सहज नसते. भाद्रपदात पाऊस असतो, घर पाहुण्यांनी भरलेले असते, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीची, फळे-फुले बांधायची असतात, आणि घरात कोणी ‘भायर’, म्हणजे पाळीमुळे वेगळी, बसलेली असेल तर ते सगळ्या वाड्याला कळते. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या त्या आठवड्यात किती जणी घेतात हे आपापसांत आम्हाला ठाऊक असते. मला ते कधीच पटलेले नाही आणि डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणून घेणे तर मुळीच नाही. आमच्या घरात आता वेगळे बसवत नाहीत, परंतु गणपतीपाशी जायचे नाही ही रीत आहे, आणि एका कपड्याने ती बदलेल असे मी म्हणणार नाही. मात्र त्या गर्दीतही पँट्या दोरीवर राहतात. पाहुण्या आलेल्या एका मावशींनी त्या काय आहेत हे विचारले, हातात घेऊन पाहिल्या आणि त्यांच्या गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलायला लागाव्यात इतक्या सहजपणे, आपल्याला खोकताना लघवी निसटते त्यासाठी या चालतील का, असे विचारले. थोड्या लघवीसाठीही त्या चालतात. वर्षानुवर्षे कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी दोरीशेजारी उभे राहून सांगितली.

पैशांबद्दल खरे बोलले पाहिजे, कारण त्याबाबत बरीच अतिशयोक्ती ऐकू येते. बऱ्यापैकी पँटी साधारण चारशे रुपयांपासून हजारापर्यंत मिळते. आठ पँट्यांना पाचशेच्या भावाने चार हजार रुपये लागतात. महिन्याला पंधरा ते वीस पॅड आणि एका पॅडला आठ रुपये धरले तर वर्षाचा खर्च दीड-दोन हजारांच्या आसपास जातो. म्हणजे पँट्या दोन ते पावणेतीन वर्षे नीट टिकल्या तरच बरोबरी होते, त्यानंतर बचत सुरू होते. जिच्यापाशी एकरकमी चार हजार नाहीत तिला स्वस्त म्हणून ही वस्तू विकणे मला योग्य वाटत नाही. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये उठला आणि जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळू लागले. गरजू मुलीला आधी ते ठाऊक असायला हवे. विकत घ्यायचीच असेल तर भारतीय मानक ब्युरोने पुन्हा वापरायचे पॅड आणि पिरियड पँटी यांच्यासाठी २०२१ मध्ये केलेल्या आयएस १७५१४ या मानकाचा उल्लेख लेबलवर आहे का ते पाहावे. कापडात पीएफएएस ही न विरणारी रसायने नाहीत असे उत्पादक लेखी सांगतो का, हेही तपासावे. अमेरिकेत थिंक्स या कंपनीविरुद्ध याच कारणाने दावा झाला होता आणि कंपनीने आरोप नाकारत २०२३ मध्ये तो तडजोडीने मिटवला.

बचतीपेक्षा मला कचऱ्याचे कारण अधिक मोलाचे वाटते. आमच्या गावात पंचायतीची गाडी सुका कचरा नेते, पण वापरलेले पॅड त्यात द्यायला बायका लाजतात आणि परसात पालापाचोळ्याबरोबर ते पेटवून देतात. पॅडच्या पाठीला प्लास्टिक असते, आत पॉलिमर असते. ते जळताना येणारा धूर शेजारच्या घरात शिरतो. न जाळता पुरले तर कुत्री उकरून काढतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले, पण गुंडाळलेले पॅड शेवटी कोणीतरी माणूसच हाताने वेगळे करतो. मडगावच्या सोनसोडोवरच्या कचऱ्याच्या डोंगराला मे २०१९ मध्ये आग लागली आणि दिवसेंदिवस धुमसत राहिली, तेव्हापासून आपल्या घरातून त्या ढिगात काय जाते, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

माझी पुतणी यंदा शिकायला पणजीत मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. जाण्यापूर्वी तिने विचारले, “काकी, मला पण घेऊन देशील?” मी लगेच हो म्हटले नाही. तिच्या खोलीत तिघी जणी राहतात, कपडे वाळवायची गच्ची मुलींना बंद असते आणि खिडकीबाहेर आतले कपडे टांगायला मनाई आहे. म्हणजे सासूबाईंच्या काळातला चुलीमागचा कोपरा तिच्या वाट्याला कपाटाच्या रूपाने येणार. मी तिला दोनच पँट्या घेऊन दिल्या, त्या केवळ शेवटच्या दिवसांसाठी आणि धुणे घरी आणता येईल अशा शनिवार-रविवारसाठी. बाकीच्या दिवसांसाठी पॅड दिले. त्याबरोबर वसतिगृहाच्या प्रमुख बाईंना लिहायचे एक पत्र आम्ही दोघींनी बसून तयार केले. गच्चीचा पूर्वेकडचा भाग सकाळी दोन तास मुलींना कपडे वाळवायला उघडा ठेवावा, त्यावर छप्पर असावे म्हणजे पावसाळ्यातही तो वापरता येईल, आणि तिथे आतले कपडे घालायला मनाई नसावी, एवढ्या तीनच मागण्या त्यात आहेत. कारण काय लिहावे यावर ती थोडा वेळ अडली होती. मी तिला पाळीचे कपडे असे स्पष्ट लिहायला सांगितले, आणि तिने तसेच लिहिले. पत्रावर तिच्या मजल्यावरच्या इतर मुलींच्या सह्या ती सध्या गोळा करत आहे.